आमची वाटचाल : फाटकापासून पोर्चपर्यंतचा डांबरी रस्ता

लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांमध्ये फाटकापासून पोर्चपर्यंत जो डांबरी रस्ता असतो, त्याची देखभाल हे आज आमच्या फर्मचं मुख्य काम आहे. सुरुवात झाली ती मोठ्या ठेकेदारांच्या हाताखाली पॅचवर्क करण्यापासून. वडील मुकादम होते. खडी, कच (दगडाचा बारीक चुरा), टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून आधी मारायचा डांबराचा पातळ हात), रोलर हे सगळं मी त्यांच्याबरोबर साइटवर उभा राहून शिकलो. मोठ्या कामांत छोट्या टोळीचे पैसे कायम अडकलेले असायचे. इकडे बंगलेवाले हैराण, कारण एवढ्याशा रस्त्यासाठी यायला कुणी तयार नसे.

न येण्याला कारण होतं. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल, म्हणजे खडी-डांबराचं गरम मिश्रण, हॉट मिक्स प्लांटमधून १५० ते १६५ अंश सेल्सिअसला निघतो. पसरताना तो १४० च्या खाली गेलेला चालत नाही आणि ९० पर्यंत उतरायच्या आत रोलिंग संपवावं लागतं. टन-दीड टन माल उघड्या गाडीतून घाट चढून आला की वाटेतच गार होतो. मग आम्ही एकाच भागातली तीन-चार कामं एका दिवसात बांधायला लागलो. खड्डे आदल्या दिवशी चौकोनी कापून, झाडून तयार ठेवायचे, मालावर दुहेरी ताडपत्री टाकायची, आणि गाडी आली की थर्मामीटर खुपसल्याशिवाय फावडं लावायचं नाही. गार माल परत जातो, नुकसान आमच्या खिशातून गेलं तरी. आमचं नाव झालं ते या शिस्तीमुळे.

पण काम करता करता कळत गेलं की चांगला माल हा निम्माच प्रश्न आहे. उरलेला निम्मा पाण्याचा. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ऊन आणि हवा लागून डांबर कडक होत जातं, काळ्याचं राखाडी होतं, मग केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाणी खालच्या मुरमात उतरतं. वरून गाडीचं चाक गेलं की तेच पाणी बारीक माती घेऊन वर उसळतं. पावसाळ्यात भेगेच्या कडेला तांबूस गाळ दिसला, तर खाली पोकळी व्हायला लागली असं समजा. त्या वर्षी भेग भरली तर काम थोडक्यात आटोपतं. दोन पावसाळे थांबलात तर जाळीदार भेगा पडतात, आणि मग तेवढा भाग पायापासून उकरण्यावाचून इलाज राहत नाही.

म्हणून बंगल्यावर गेलो की आधी मालकांशी बोलण्याऐवजी मी राखणदाराला गाठतो. मालक शनिवार-रविवारचे, पावसात तिथे असतो तो हा माणूस. एका मामांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “पानी वरनं न्हाई येत सायेब, त्या फणसाच्या बुडातनं येतंय.” खणून पाहिलं, तर खरंच डोंगराकडचा झिरा मुळांच्या कडेने थेट रस्त्याखाली येत होता. आम्ही वरच्या अंगाला दगडी चर काढून पाणी वळवलं, मगच डांबराला हात लावला. तेव्हापासून आमच्या अंदाजपत्रकात चर, गटार आणि ढाळ या बाबी डांबराच्या वर लिहिलेल्या असतात.

“वरून एक थर मारून द्या” ही मागणी आम्ही बहुतेक वेळा नाकारतो. खालची भेग नव्या थरातून पुन्हा वर येते. शिवाय रस्ता उंच होत जातो आणि एक दिवस पाणी पोर्चमध्ये शिरतं. यावरून कामं हातची गेली, चांगली ओळखीची माणसंही दुखावली. तरी हे धोरण मला बरोबरच वाटतं.

दुसरा वाद टँकरचा. उन्हाळ्यात १०,००० लिटरचा टँकर पोर्चपर्यंत आणला जातो, म्हणजे नुसतं पाणीच १० टन. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची प्रसिद्ध चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ढोबळ हिशेब असा की गाडीच्या आसावरचा (अॅक्सलवरचा) भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे १६ पट होते. मोटारींसाठी बांधलेल्या रस्त्यावर टँकर काय करतो ते यावरून कळावं. टँकर फाटकाशी उभा करा आणि आत पाइप ओढा, असा आमचा आग्रह असतो. कडा तुटायच्या थांबतात.

आमचं वर्ष आता ठरून गेलं आहे. दिवाळीनंतर पाहणी. फेब्रुवारीपासून भेगा: आधी गवत मुळासकट काढायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, कॉम्प्रेसरची हवा मारायची, भेग आतून कोरडी झाली की गरम रबरयुक्त डांबर ओतायचं आणि टायरला चिकटू नये म्हणून वर कच भुरभुरवायची. मग पॅच, आणि शेवटी गरज असेल तिथेच सील कोट, म्हणजे पृष्ठभाग बंद करणारा डांबराचा पातळ लेप. दरवर्षी काळाभोर रस्ता हवा म्हणून कोट मारून घेणं मला पटत नाही. थरावर थर साचले की ते पापुद्र्यांनी सुटतात. या कोटचं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, तपकिरी असतं, ते फुटून (डांबर पाण्यापासून सुटून) काळं होईपर्यंत त्यावर पाऊस पडला तर सगळं बागेत वाहून जातं. वळवाचा भरवसा नसल्यामुळे मेच्या मध्यानंतर सील कोटचं काम घेत नाही. ऐन पावसात खड्डा पडला तर कोल्ड मिक्सने, म्हणजे गरम न करता भरता येणाऱ्या तयार मालाने, तात्पुरता बुजवतो आणि बिलावर तसं स्पष्ट लिहितो.

खूप उभ्या चढावर मात्र आम्ही स्वतःच काँक्रीट सुचवतो, आडव्या खाचा पाडलेलं. ते काम आमचं नाही, करणाऱ्याचा नंबर देतो.

आमच्याकडे काम सांगायचं असेल तर उन्हाळ्यातले फोटो दुय्यम आहेत. जुलैत पाऊस जोरात असताना राखणदाराला फाटकापासून पोर्चपर्यंत चालत एक व्हिडिओ काढायला सांगा आणि तो पाठवा. पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं, एवढं त्यात दिसलं पाहिजे.