हिंजवडी सोडून दारव्ह्याकडे

फेब्रुवारी २०२४ मध्ये शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर निवड यादी लागली आणि बायकोचं नाव यवतमाळ जिल्हा परिषदेत निघालं. शिक्षक अभियोग्यता परीक्षा तिनं वर्षभर आधी दिली होती. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं, महिना १६,००० रुपये मानधन. वाकडला आमच्या दोन खोल्यांचं भाडंच २२,००० होतं. पुण्यातल्या ज्याला-त्याला हा हिशेब तोंडपाठ झाला आणि जो-तो तो आम्हाला ऐकवू लागला. बायको एवढंच म्हणाली, "मी रुजू होणार."

मी नऊ वर्षं पुण्यात वेब डेव्हलपर होतो. सुरुवात पीएचपी आणि जेक्वेरीवर, पुढे रिअॅक्ट. गावी परत जायचं हे दर दिवाळीला बोलायचो आणि भाऊबीज झाली की ट्रॅव्हल्सनं परत निघायचो. आमचं गाव दारव्ह्यापासून चौदा किलोमीटर. शाळा वाटपाच्या समुपदेशनात बायकोला शाळा मिळाली तीही दारव्हा तालुक्यातलीच, घरापासून नऊ किलोमीटरवर. मार्चमध्ये ती सासू-सासऱ्यांकडे राहायला गेली आणि मी पुण्यात एकटा उरलो. बाबांचं मत फोनवरच ठरलं होतं. "तिची सरकारी हाय, सोडू नोको. तुह्या कम्प्युटरले काय, कुठीबी बसते."

कम्प्युटर कुठंही बसतो, हे अर्धंच खरं आहे. तो बसवायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत काय काय करावं लागलं ते लिहितो, कारण माझ्यासारखी विदर्भातली बरीच पोरं पुण्या-बंगळुरूत हाच विचार करत बसलेली आहेत.

आधी नोकरी. कंपनीनं घरून काम द्यायला नकार दिला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात, हा नियम सगळ्यांना सारखाच होता, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाहेर शोधायला लागलो तेव्हा कळलं की जाहिरातीत 'रिमोट' लिहिलेल्या बऱ्याच जागा तशा नसतात. तिसऱ्या मुलाखतीत सांगतात की महिन्यातून आठवडाभर यावं लागेल, किंवा वर्षभरानं बघू. दोन ठिकाणी असं झाल्यावर मी पहिल्याच फोनवर प्रश्न विचारायला लागलो. ऑफिसच्या शहराबाहेर राहणारे किती जण आहेत, आणि त्यांतलं कोणी वरच्या पदावर गेलंय का? एखादा निर्णय झाला की तो कुठं लिहून ठेवता? दुपारी दोन तास वीज गेली आणि मी मीटिंगला आलो नाही, तर काय होतं?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा ठरला. जिथं निर्णय चहाच्या टपरीवर होतात, तिथं गावात बसलेला माणूस सहा महिन्यांत बाजूला पडतो. कोणी मुद्दाम पाडत नाही, पण पडतो. ज्या कंपनीत मी शेवटी गेलो, तिथल्या बाईंनी या प्रश्नावर थेट स्क्रीन दाखवली. प्रत्येक बदलाखाली कारण लिहिलेलं, कोणाचं काय मत होतं ते लिहिलेलं. बावीस माणसांची कंपनी, ऑफिसच नाही. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाचं आणि फीचं सॉफ्टवेअर करतात.

त्यांनी चार दिवसांचं काम दिलं: प्रवेशाचा एक फॉर्म बनवायचा. मे महिना होता, मी गावी आलो होतो. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये 'स्लो थ्रीजी', म्हणजे संथ नेटची नक्कल, लावून सगळं तपासलं, झकास चालत होतं. मग तोच फॉर्म आईच्या फोनवर उघडून दिला. चार वर्षं जुना फोन, काचेला तडा. आई छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून एकेक रकाना भरत होती. नाव झालं, जन्मतारीख झाली. आधार नंबर टाकता टाकता ती पाण्याची मोटर बंद करायला उठून मागच्या अंगणात गेली, तिथं रेंज नाही. परत आली, बटण दाबलं आणि फॉर्म कोरा झाला. आईनं फोन माझ्याकडे देत विचारलं, "मीनं काई चुकीचं दाबलं काय रे?"

तिनं काहीच चुकीचं दाबलं नव्हतं. गावातलं नेटवर्क हळू होत नाही, ते जातं आणि येतं. ऑफिसात बसून आम्ही त्याची नक्कल करतो ती सतत पण संथ वाहणाऱ्या पाण्याची, आणि इथं नळ आहे एक दिवसाआड येणारा. त्या रात्री मी फॉर्म नव्यानं लिहिला. प्रत्येक रकाना भरला की तो तिथंच ब्राउझरमध्ये साठवायचा, पाठवताना रेंज नसेल तर रांगेत ठेवायचा, आणि तसं स्पष्ट मराठीत सांगायचं: 'तुमची माहिती फोनमध्ये सुरक्षित आहे. नेटवर्क आलं की जाईल.' सोबत दोन पानांची टीप जोडली, आईचं नाव न घेता सगळा प्रकार लिहिला. मुलाखतीत पाऊण तास त्या टिपेवरच बोलणं झालं. पगार आधीपेक्षा वर्षाला दोन लाखांनी कमी, पण वाकडचं भाडं वाचत होतं.

१५ जुलैला राजीनामा दिला. नोटीस नव्वद दिवसांची, कामाचा शेवटचा दिवस ११ ऑक्टोबर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. नवी कंपनी ११ नोव्हेंबरपर्यंत थांबायला तयार झाली. ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा दिला नाही, आणि कोणी देऊ नये.

मधल्या काळात घरात जागा कोणती, हा प्रश्न निघाला. घर जुनं, पुढं छपरी, मधे दोन खोल्या. दार लागतं आणि माणसांची ये-जा नाही अशी एकच खोली, आणि दिवाळीपासून तीत कापूस असतो. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, झाली की वेचणीचा कापूस तिथं पडत जातो आणि भाव बघून निघतो. बाबांना ती खोली मागणं मला जमेना. शेवटी त्यांनीच मधोमध फळ्या उभ्या केल्या. भिंतीकडचा अर्धा भाग कापसाला, खिडकीकडचा मला. पहिल्या मीटिंगला एकानं विचारलं, तुझा आवाज इतका स्वच्छ कसा येतो? पाठीमागे छातीएवढा कापूस होता, घुमणारा आवाज सगळा तो गिळत होता. जानेवारीत मात्र त्यानंच अंगाला खाज सुटायला लागली. साठवलेल्या कापसाची ती खाज आमच्याकडे प्रत्येक घराला माहीत आहे. बाबांनी कापूस सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर नेला. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. आठ टक्क्यांच्या वर ओलावा असला की भाव कापतात, घरात महिना-दीड महिना वाळल्यामुळे आमचा कमी कापला गेला.

आता इंटरनेट. दारव्ह्याचा फायबरवाला म्हणाला होता की गावात लाईन आहे. लाईन ग्रामपंचायतीपर्यंत होती, तिथून आमचं घर चारशे मीटर. खांब नाही म्हणून त्यानं तार कडुनिंबावरून, मग शेजारच्या काकांच्या स्लॅबवरून आणली. आठवडाभरात वानरांनी ती ओढली. फायबरमधून नेट उजेडाच्या रूपात येतं; भिंतीवरच्या फायबरच्या डबीत लाल दिवा लागला की समजायचं, तो उजेड येत नाही.

दुसऱ्यांदा जोडायला एक पोरगा आला, विशीतला. छपरीत पोतं अंथरून त्यानं जोडणीची मशीन मांडली. संध्याकाळ होती आणि नेमकी वीज गेली, म्हणून आईनं बॅटरी धरली. काळं आवरण सोललं, मग पांढरं, मग आत केसाएवढी काच. ती त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, एका छोट्या अडकित्त्यात धरून टिचकन तोडली. दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती खांबाएवढी मोठी दिसत होती, आपोआप सरकत एकमेकांसमोर आली, मधे ठिणगी पडली आणि दोन्हींची एक काच झाली. आई बॅटरी धरून खाली वाकून बघत होती. "बाप्पा, काचीले काच जोडली," ती म्हणाली.

पोरानं तारेतून किती उजेड येतो ते मोजायचं मीटर लावलं. उणे आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. "भाऊ, उणे एकोणतीस येऊन रायलं. याच्यात पाऊस आला का गेलं." नेट तर चालू झालं होतं. दुसरा कोणी असता तर पैसे घेऊन निघाला असता. तो परत ग्रामपंचायतीपर्यंत गेला, तिथली एक वाकलेली जोडणी कापून नव्यानं केली आणि रात्री नऊला उणे एकवीसवर आणून दिलं. आमच्यासारख्या घरगुती फायबरच्या डबीला साधारण उणे सत्तावीसपर्यंतचा प्रकाश पुरतो, त्यापुढे भरवसा नाही. जो कोणी गावात फायबर घेईल त्यानं स्पीड बघण्याआधी हा आकडा विचारावा. मी तो आजही महिन्यातून एकदा बघतो. तार आता शेजारच्या काकांच्या भिंतीच्या कडेनं पाइपातून आणली आहे.

विजेचं गणित त्या मानानं सोपं निघालं. घर गावठाण फीडरवर, म्हणजे गाववस्तीच्या वीजवाहिनीवर, आहे, शेतातल्या घरासारखं कृषी फीडरच्या पाळीवर नाही. तरी दिवसातून दोन-तीनदा लाईन जाते, पावसाळ्यात जास्त. १५० अँपिअर-अवरची बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला. लॅपटॉप, पंखा, एक दिवा आणि फायबरची डबी मिळून दीडशे वॉटच्या आत बसतात, सहा तास सहज निघतात. फायबरच्या तारेला मधे कुठं वीज लागत नाही, दोन टोकांना लागते. आपल्या टोकाचा बंदोबस्त आपण करायचा. तरी दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवलंय, ते स्लॅबवर चढल्यावर चालतं.

कागदपत्रांत माझं चुकलं ते सांगतो. जुन्या कंपनीनं रिलीव्हिंग लेटर सहा आठवडे उशिरा दिलं आणि पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख टाकलीच नाही. तारीख नसली की पैसे नव्या खात्यात वळत नाहीत. मी मेलवर मेल करत राहिलो. शेवटच्या जमेनंतर दोन महिने झाले की पीएफच्या पोर्टलवर ती तारीख आपली आपल्याला आधारच्या ओटीपीनं टाकता येते, हे मला जानेवारीत कळलं. पाच मिनिटांचं काम होतं. आणि नव्या कंपनीला आधीच्या पगाराची माहिती फॉर्म भरून जरूर द्यावी; तेव्हा तो फॉर्म १२बी होता. नाही दिली तर दोन्हीकडे नव्या करप्रणालीतली ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली जाते आणि कर कमी कापला जातो, मग जुलैत रिटर्न भरताना तो व्याजासकट बसतो. हा फॉर्म मी वेळेवर दिला होता.

पहिले दोन आठवडे गावानं मला बेकार धरलं. दिवसा घरी असलेला जवान माणूस, त्यात बायको नोकरीला. पारावर बाबांना विचारत, "पोट्ट्याले कंपनीनं काढलं काय?" मला काही वाटत नव्हतं, बाबांना वाटत होतं. ते उत्तर न देता उठून यायचे. मग फार्मर आयडीची नोंदणी आली. ओटीपी येत नाही, आधारवरचं नाव सातबाऱ्याशी जुळत नाही, अशी माणसं दारात यायला लागली. नाही म्हणणं मला जमलं नाही, पण कामाच्या वेळात बसणंही शक्य नव्हतं. संध्याकाळी सातनंतर या, असं ठरवलं. ते सांगायचं काम बाबांनी आपणहून घेतलं. छपरीत खाटेवर बसून ते येणाऱ्याला सांगतात, "ड्युटीवर हाय तो. सातले ये."

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. बायकोला निवडणुकीची ड्युटी लागली, नव्या नोकरीतला माझा दुसरा आठवडा. रात्री दीड वाजता यंत्रं जमा करून तिचं पथक मोकळं झालं. मी मोटरसायकलवर दारव्ह्याला तिला आणायला गेलो. थंडी मोकार होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पराटी, म्हणजे कापसाची झाडं, पांढरी फुटलेली दिसत होती. पुण्यात असतो तर मला ही रात्र दुसऱ्या दिवशी फोनवर कळली असती.

उन्हाळ्याचा मात्र मी विचार केला नव्हता. मार्चअखेर खोली तापायला लागली. कूलर लावला तर मीटिंगमध्ये फक्त कूलर ऐकू येतो, आणि इन्व्हर्टरवर तो टाकला की बॅटरी लवकर बसते. लॅपटॉप दुपारी हात लावू देईना. मी लिहून विचारलं की एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते दोन काम केलं तर चालेल का, सोबत आमच्याकडचं तापमान लिहिलं. अर्ध्या तासात खाली चार जणांनी होकार लिहिला. बायकोची शाळाही तेव्हा सकाळची झाली होती. आई साडेपाचला उठून चूल पेटवते, दोन कप चहा ठेवते, एक डबा भरते. बायकोची गाडी फाटकाबाहेर निघते तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतो. आई शेजारणीला सांगत होती, "आमच्या घरी दोघायचीबी सकायची शाळा हाय."