जोर ‘ली’वर नाही, त्याच्या आधी शोधा

प्रताप नगरला संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेते मी, इंटरव्ह्यूची तयारी करणारे पोट्टे-पोट्ट्या जास्त. ग्रामर बरं असतं त्यांचं, पण अनफॉर्च्युनेटली आलं की सगळ्या अक्षरांना सारखाच मार, अन्-फॉर्-च्यु-नेट्-ली, त्यातला ‘नेट’ तर चांगला दणकून. खरं म्हणजे सिलेबल, म्हणजे बोलण्यातले तुकडे, पाच असले तरी मेन जोर एकट्या ‘फॉर’वर आहे, बाकीचे पुसट, आणि ‘नेट’चा तर नुसता ‘नट’ होतो, तोही घाईघाईत.

मराठीत जोर इकडचा तिकडे गेला तरी शब्द तोच राहतो, त्यामुळे आपल्या कानाला ती सवयच नसते. इंग्रजीत मात्र जोर चुकला की समोरचा पुन्हा विचारतो, म्हणून मी आधी जोर शिकवते, बाकीचं मग.

सगळ्यात आधी शब्दाच्या शेवटचा ‘ली’ (-ly) झाकायचा. तो स्वतः जोर घेत नाही आणि सहसा दुसऱ्याचा हलवतही नाही, इमीडिएटमध्ये ‘मी’वर होता तर इमीडिएटलीतही ‘मी’वरच. पण ‘इक’ (-ic) फार जबरदस्त आहे बरं का! तो आला की जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी येऊन बसतो. इकॉनॉमीत ‘कॉ’वर, इकॉनॉमिकमध्ये ‘नॉ’वर, मग इकॉनॉमिकलीतही ‘नॉ’वरच. अकॅडमीत ‘कॅ’, अकॅडेमिकलीत ‘डे’. शिवाय इकॉनॉमिकली, अकॅडेमिकलीत लिहिताना सहा तुकडे दिसतात अन् बोलताना पाचच, कारण ‘इक’नंतरचा ‘ए’ (a) कोणी म्हणत नाही. बेसिकली आपण सगळे बरोबर म्हणतो कारण तो ऐकून शिकलो, स्पेलिंग बघून वाचणारा बेसिकॅली करतो.

भांडण होतं ते नेसेसरिलीवर. एका मुलीला शाळेत पहिल्या सिलेबलवर जोर शिकवलेला, यूट्यूबवर ऐकलं तर तिसऱ्यावर, ‘मॅडम, मग म्हणू काय मी?’ अमेरिकन लोक तिसऱ्यावरच देतात, नेस-अ-सेर-अ-ली, म्हणजे इथे ‘ली’ लागल्यावर जोर चक्क सरकतो, ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात. टेम्पररिलीचंही जवळपास तसंच. मी म्हटलं कोणताही एक धर, पण अर्धा इथे अर्धा तिथे नको करू.

आणि डिक्शनरी बघा रे, तिथे उच्चारात वरच्या बाजूला एक बारीक उभी रेघ असते, ती जोराच्या सिलेबलच्या आधी असते, नंतर नाही, अर्धी बॅच इथेच उलटं वाचते.