वारा पडलेला आणि समोरून फेसाची रेघ

एप्रिलमधला अंदमान समुद्र आमच्या कामाला फार सोयीचा. ईशान्येचे वारे थांबलेले असतात आणि नैऋत्येचे अजून यायचे असतात. मधल्या काळात पाणी इतकं संथ असतं की डेकवर विसरलेला पाना तासाभरानंतरही जागच्या जागी सापडतो. आमचं संशोधन जहाज निकोबार बेटांच्या पूर्वेला एका स्टेशनवर उभं होतं. स्टेशन म्हणजे नकाशावरचा नुसता ठिपका. तिथे जायचं, थांबायचं, सीटीडी पाण्यात सोडायचा, वर घ्यायचा आणि पुढच्या ठिपक्याकडे निघायचं.

सीटीडी हे आमच्या धंद्यातलं रोजचं हत्यार. पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब ते एकाच वेळी मोजतं. वाहकतेवरून क्षारता काढतात, दाबावरून खोली. भोवती लोखंडी सांगाडा, त्यावर गोलाकार बसवलेल्या निस्किन बाटल्या. हव्या त्या खोलीवर वरून कॉम्प्युटरने हुकूम दिला की बाटली बंद होते आणि तिथलं पाणी नमुना म्हणून वर येतं. विंचची केबल सेकंदाला साधारण एक मीटर सुटते, म्हणजे दोन किलोमीटर खाली जायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. तेवढा वेळ लॅबमध्ये बसून स्क्रीनवर उतरत जाणाऱ्या रेषा बघायच्या. बाहेरच्या माणसाला हे काम कंटाळवाणं वाटतं. मला कधी वाटलेलं नाही.

त्या दिवशी सकाळचा कास्ट, म्हणजे सीटीडीची खाली-वर अशी एक फेरी, खोल होता. नव्यानेच पीएचडीला लागलेला एक मुलगा माझ्या वॉचला होता. वरचे पन्नासेक मीटर पाणी २९ अंशांच्या आसपास, मग थर्मोक्लाइन, म्हणजे उबदार आणि थंड पाण्यामधला थर. इथे तापमान कड्यावरून पडावं तसं पडतं, शंभर मीटरवर बावीस, दोनशेच्या पुढे चौदाच्याही खाली. तिथून उतार मंद होतो. दीड हजार मीटरच्या आगेमागे रेषा ५ अंशांपाशी आली आणि सरळ उभी राहिली. आणखी पाचशे मीटर उतरलो तरी ती हलेना.

‘‘ताई, सेन्सर अडकला का?’’

अडकला नव्हता. सांगाड्यावर तापमानाचे दोन सेन्सर असतात, दोन्ही एकच आकडा दाखवत होते. अंदमान समुद्राची ही जुनी खोड आहे. पश्चिमेला बेटांची रांग दिसते, ती खरं तर पाण्याखालच्या एका लांबलचक डोंगररांगेची शिखरं. बंगालच्या उपसागरातलं पाणी आत यायचं तर या रांगेतल्या खिंडींमधून यावं लागतं. उत्तरेची प्रेपारिस खिंड उथळ, मधली टेन डिग्री चॅनल सुमारे ८०० मीटर, आणि निकोबार व सुमात्रा यांच्यामधली ग्रेट चॅनल सगळ्यांत खोल, सुमारे १८०० मीटर. त्याहून खालचं थंड पाणी उंबरठ्याबाहेरच अडतं. म्हणून दोन हजार मीटरवर बंगालच्या उपसागरात तापमान ३ अंशांच्याही खाली असतं आणि इथे मात्र ५ अंशांशी घुटमळतं. नकाशावर हे दोन्ही समुद्र एकाच निळ्या रंगात रंगवलेले असतात. आत मात्र भिंत आहे.

ही भिंत दुपारी आमच्यापर्यंत येऊन पोचणार होती, पण वेगळ्या रूपात.

दुपारचा बेत साधा होता. सीटीडी वरून तीनशे मीटरपर्यंत सोडायचा, वर घ्यायचा, पुन्हा सोडायचा, असं तासन्‌तास. थर्मोक्लाइन भरती-ओहोटीबरोबर किती वरखाली होते ते पाहायचं होतं. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. मुद्दाम तेच निवडले होते.

एक वाजून गेल्यावर ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीतून, फोन आला. रडारवर पश्चिमेला एक रेघ दिसत होती. पाऊस नाही, होडी नाही, जमीन तर नाहीच. पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ, सहा-सात सागरी मैलांवर, आणि ती आमच्याकडे सरकत होती. वेग सुमारे चार नॉट, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त.

आमच्या मुख्य शास्त्रज्ञांनी रेघेची दिशा विचारली, वेग विचारला आणि चष्मा पुसत म्हणाले, ‘‘येऊ दे.’’ कॅप्टनचं म्हणणं वेगळं होतं. पाण्यात केबल असताना जहाज हललं तर केबल बुडाखाली जाते, थ्रस्टरमध्ये (जहाज जागेवर धरून ठेवणाऱ्या पंख्यांत) सापडते, मग उपकरणही जातं आणि दुरुस्तीला बंदर गाठावं लागतं. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी ठरलं ते असं: सीटीडी शंभर मीटरवर थांबवायचा, त्याहून खाली सोडायचा नाही. विंचवाल्याने हात लिव्हरवरून काढायचा नाही. सारंगने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, कठड्याशी उभं राहून केबलचा कोन बघायचा आणि त्याने हात वर केला की कोणालाही न विचारता ओढून घ्यायचं. शंभर मीटर ही खोली मी सुचवली, कारण सकाळच्या आलेखात थर्मोक्लाइनचा सगळ्यांत तीव्र उतार तिथेच होता. पाणी हललं तर तिथे कळणारच.

अडीचच्या सुमारास रेघ नुसत्या डोळ्यांना दिसू लागली. वाऱ्याचा मागमूस नाही, आकाश कोरडं, आणि क्षितिजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या फेसाचा पट्टा. त्याच्या अलीकडे पाणी शांत, पलीकडेही शांत. जवळ येऊ लागला तसा आवाज आला, धो-धो पावसाचा येतो तसा. पट्ट्यातल्या लाटा माणसाएवढ्या असतील, पण त्या धावत नव्हत्या. आखूड, उभ्या, जागच्या जागी उसळून फुटत होत्या. सारंग म्हणाला, ‘‘असलं पाणी मलाक्काच्या तोंडाशी पाहिलंय. खाली खडक आहे असं वाटून तेव्हाच्या कॅप्टनने जहाज वळवलं होतं.’’ आमच्या खाली तेव्हा दोन किलोमीटरहून जास्त पाणी होतं.

मला पट्टा बघायचा होता, पण माझी जागा लॅबमध्ये होती, आणि खरं दृश्य तिथेच होतं असं मी आजही म्हणेन. दाब स्थिर होता, म्हणजे उपकरण शंभर मीटरवरच होतं. तापमान बावीस. मग साडेबावीस. चोवीस. जहाज पट्ट्यात शिरलं, टेबलावरच्या पेन्सिली घरंगळल्या, आणि स्क्रीनवर आकडा चढतच राहिला. सव्वीस, सत्तावीस, दहाएक मिनिटांत अठ्ठावीस. क्षारता त्याच वेळी खाली घसरली. मुलाने दुसऱ्या सेन्सरची खिडकी उघडली, तिथेही तेच. या वेळी त्याने ‘अडकला का’ असं विचारलं नाही. सकाळचा आलेख काढला आणि बोट ठेवून म्हणाला, ‘‘हे पाणी सकाळी पंचेचाळीस मीटरवर होतं.’’

म्हणजे वरचा उबदार, कमी खारट थर आमच्या पायाखाली पन्नास-पंचावन्न मीटर खाली दाबला गेला होता. पंधरा-सोळा मजली इमारतीएवढी लाट जहाजाखालून जात होती, आणि तिचा खोलगट भाग आम्ही पृष्ठभागावर बसून ओलांडत होतो. एडीसीपी हे दुसरं उपकरण ध्वनीच्या परावर्तनावरून प्रवाह मोजतं. त्यावर वरचा थर पूर्वेकडे सेकंदाला मीटरभराहून जास्त वेगाने धावताना दिसत होता आणि खालचं पाणी उलट, पश्चिमेकडे. केबलला पीळ पडावा तसा कोन आला. सारंगचा हात अर्धा वर गेला, मग थांबला. तेवढ्यात पट्टा पुढे निघून गेला आणि मागून आलेलं पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत होतं. तापमान उतरू लागलं आणि पुन्हा बावीसवर आलं.

तासाभरात दुसरी लाट आली, जरा लहान. मग तिसरी, त्याहून लहान. मोठी पुढे आणि धाकट्या मागे, अशीच यांची चाल असते, कारण अशा लाटांत जी उंच तिचा वेग जास्त.

यांना अंतर्गत लाटा म्हणतात. लाट उठायला दोन थरांची सीमा लागते. पृष्ठभागावर ती हवा आणि पाणी यांची असते. समुद्राच्या आत ती हलक्या पाण्याची आणि जड पाण्याची असते, आणि तिथला फरक फार क्षुल्लक. आमच्या स्टेशनवर वरच्या आणि दोनशे मीटरवरच्या पाण्यात घनमीटरमागे जेमतेम सहा किलोंचा फरक होता. (इरावती आणि साल्वीन या नद्यांच्या गोड्या पाण्याचा त्यात मोठा वाटा.) फरक एवढा कमी असल्याने खाली दबलेलं पाणी जागेवर आणणारा जोरही कमी. म्हणून लाट प्रचंड उंच होते आणि संथ चालते. दोन किलोमीटर खोल पाण्यात त्सुनामी ताशी ५०० किलोमीटरने जाते. त्याच पाण्यातली ही लाट ताशी सात-आठ किलोमीटरने. आत साठ मीटर हलतं तेव्हा पृष्ठभाग फार तर एक-दोन वीत उचलला जातो, तोही किलोमीटरभर पसरून. डोळ्यांना तो दिसणं शक्यच नाही. दिसतो तो फक्त फेसाचा पट्टा, कारण लाटेच्या पुढच्या अंगाला वरचं पाणी दोन्हीकडून एकत्र येतं आणि साध्या तरंगांना दाटीवाटीने उभं करतं.

उगम कुठे? सकाळच्या त्याच भिंतीत. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा त्या डोंगररांगेवरून ये-जा करतं. उताराशी थर खाली-वर ओढले जातात, आणि प्रवाह सैल पडला की तो उंचवटा सुटून लाटांचा जथा बनून पूर्वेला निघतो. १९७५च्या अपोलो-सोयूझ मोहिमेतल्या अंतराळवीरांनी या समुद्रावरचे समांतर पट्टे वरून टिपले. त्याच सुमारास इथे तेलासाठी विंधन करणाऱ्या जहाजाला या लाटा त्रास देत होत्या, आणि तिथल्या मोजमापांवरून ऑसबोर्न आणि बर्च या संशोधकांनी १९८०मध्ये दाखवलं की या एकाकी लाटा आहेत, म्हणजे शेकडो किलोमीटर आकार न मोडता जाणाऱ्या. स्कॉट रसेल या स्कॉटिश अभियंत्याने १८३४मध्ये एडिनबरोजवळच्या कालव्यात घोड्यावरून जिचा पाठलाग केला होता, तीच जात. दक्षिण चीन समुद्रात तर त्या २०० मीटरहून उंच सापडल्या आहेत.

इथे मला भूगोलाच्या पुस्तकांवर थोडा राग काढायचा आहे. लाटा, भरती-ओहोटी आणि सागरी प्रवाह असे तीन धडे वेगवेगळे छापतात आणि तीन वेगवेगळे प्रश्न विचारतात. त्या दुपारी तिन्ही एकाच केबलवर लटकत होते. भरतीने लाट उठवली, लाटेने प्रवाह पैदा केला. गोष्ट तिथेही थांबत नाही. अंटार्क्टिकाजवळ बुडालेलं थंड पाणी जगभर तळाशी पसरतं. ते कायम तळाशीच राहिलं असतं तर खोल समुद्र केव्हाच साचून गेला असता. ते हळूहळू वर येतं याचं एक मोठं कारण म्हणजे अशा लाटा फुटून होणारी घुसळण. चंद्र-सूर्यामुळे भरती-ओहोटीत जी ऊर्जा खर्च होते ती साधारण साडेतीन टेरावॅट (एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट). त्यातली सुमारे एक टेरावॅट खोल समुद्रात, बहुतेक करून पाण्याखालच्या डोंगरांवर. त्याची किंमत म्हणून चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. थायलंडच्या किनाऱ्याजवळच्या सिमिलन बेटांवर हीच घुसळण थंड पाणी वर आणून पश्चिमेकडच्या प्रवाळांवर ओतते. सकाळी आमच्या स्क्रीनवर पाच अंशांची रेषा इतकी सरळ उभी होती, त्यातही या घुसळणीचा हात आहे.

संध्याकाळी मुलाने कागदावर हिशेब मांडला. अर्धदैनिक भरतीचा फेरा १२ तास २५ मिनिटांचा. पहिली लाट पावणेतीनला आली, तर पुढचा जथा पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी. वेग सेकंदाला दोन मीटर धरला तर तो आत्ता आपल्यापासून किती लांब आहे तेही त्याने काढलं आणि कागद ब्रिजवर नेऊन चिकटवला. कॅप्टनने वाचला, काही बोलले नाहीत, पण रात्रीच्या वॉचला सांगून ठेवलं.

पहाटे अंधारात पट्टा दिसला नाही. रडारवर मात्र आधीच दिसला, आणि तीनच्या पुढे आवाजही आला. सीटीडी पुन्हा शंभर मीटरवर होता. आकडा चढला तेव्हा घड्याळात साडेतीन वाजले होते, म्हणजे हिशेबापेक्षा वीस मिनिटं उशिरा.

त्या वीस मिनिटांवरून नाश्त्यापर्यंत वाद चालला. मुलाचं म्हणणं, ही लाट कमी उंचीची होती म्हणून मागे पडली. सरांचं, म्हणजे मुख्य शास्त्रज्ञांचं म्हणणं, वाटेत उलटा प्रवाह असेल. माझं मत असं की दोन्ही जथे एकाच खिंडीतून निघाले होते हे आपण गृहीत धरतोय. एक ग्रेट चॅनलकडून आणि दुसरा निकोबारच्या एखाद्या उथळ भागावरून आला असेल तर अंतरच बदलतं. एका स्टेशनवर उभं राहून याचा निकाल लागणार नव्हता. दिशा कळायला निदान तीन ठिकाणी एकाच वेळी मोजायला हवं. कॅप्टनला या वादात रस नव्हता. त्यांनी पुढच्या आठवड्यातल्या सगळ्या स्टेशनांसाठी जथ्यांच्या अंदाजे वेळांचा तक्ता मागितला, मागेपुढे अर्धा तास सोडून, आणि त्या वेळांत केबल दोनशे मीटरच्या खाली जाणार नाही असं लेखी घेतलं. आम्ही दिलं. मग सरांनी बेत बदलला आणि पुढचं स्टेशन सरळ उंबरठ्यावरच नेलं.