घानात ताप आला तर चकाचक क्लिनिकच्या नादी लागू नका

निघण्याआधी अनुभवी म्हणवणाऱ्यांनी दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. घानात खासगी क्लिनिक सोडून कुठे पाऊल टाकू नका, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स असला की सगळं कॅशलेस. दोन्ही साफ थापा.

केप कोस्ट, मोले अभयारण्यातले हत्ती, लाराबांगाची मातीची मशीद, सगळं उत्तम झालं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. तामालेहून कुमासीला येताना बसमध्येच मावसभावाला हुडहुडी भरली. लॉजवाल्याने ज्या क्लिनिकला पाठवलं तिथे काचेचं दार, एसी, रिसेप्शनला ऑर्किडची फुलं. इन्शुरन्सचं कार्ड बाईंनी उलटंपालटं करून परत दिलं. आधी डिपॉझिट. आमचं डेबिट कार्ड मशीनने घेतलं नाही, मोबाइल मनीचं, म्हणजे फोनवरून पैसे देण्याचं खातं नाही, शेवटी रोख सेडी, म्हणजे तिथलं चलन, मोजलं. बोट टोचायच्या आधी सलाईन लागलं! मग मलेरियाची टेस्ट आणि जोडीला न विचारता विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्ततपासणी. आपल्याकडे वाढलेल्या माणसाची विडाल टायफॉइड नसतानाही थोडीफार पॉझिटिव्ह येऊ शकते, पण तेवढ्यावर दोन अँटिबायोटिक इंजेक्शनं आणि रात्रीचा मुक्काम गळ्यात मारला. बिलात हातमोज्यांच्या अकरा जोड्या. नर्सच्या हातात रात्रभर मी एकच बघितली. एकेक बाब लिहून द्या म्हटल्यावर पाच मिनिटांत आकडा खाली आला. याला लूट म्हणतात, दुसरा शब्द नाही.

सकाळी तडक मिशनच्या हॉस्पिटलात गेलो. घानात चर्चची हॉस्पिटलं बरीच आहेत, लहान गावांतून तर त्यांच्यावरच मदार. क्रम असा: रेकॉर्ड्सच्या खिडकीवर फोल्डर काढायचं, नर्सकडे ताप, बीपी, वजन, मग बाकड्यावर बसायचं. डॉक्टरांनी लॅबची चिठ्ठी दिली की कॅशियरकडे पैसे, पावती लॅबला, रिपोर्ट परत डॉक्टरांना, पुन्हा कॅशियर, मग औषधाची खिडकी. आजारी माणसाने हे करू नये. सोबतीला पळणारा हवाच. वेळ जातो, पंखा एकच, पण डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. फाल्सिपेरम जातीचा, पण गुंतागुंत नसलेला मलेरिया, अँटिबायोटिक बंद, गोळ्या सुरू. एकूण खर्च आदल्या रात्रीच्या हातमोज्यांच्या आसपास.

तिथल्या लोकांकडे एनएचआयएस म्हणजे राष्ट्रीय आरोग्य विम्याचं कार्ड असतं. 2003च्या कायद्याने ते आलं, कारण त्याआधीच्या ‘कॅश अँड कॅरी’त पैसे भरल्याशिवाय कोणी हात लावत नसे. पर्यटकाला मात्र आजही कॅश अँड कॅरीच. म्हणून सेडी जवळ ठेवा, पहिल्याच दिवशी स्थानिक सिम घेऊन मोबाइल मनी सुरू करा आणि प्रत्येक पावती जपा. इन्शुरन्सवाले पैसे दिलेच तर नंतर, कागद बघून देतात.

साध्या तापासाठी अक्रातल्या कोर्ले बू किंवा कुमासीतल्या कोम्फो अनोके या बड्या हॉस्पिटलांकडे धावू नका. कोर्ले बू 1923 पासूनचं. दोन्हीकडे देशभरातून अवघड केसेस येतात आणि खाट नाही हे उत्तर तिथल्या माणसांनाही ऐकावं लागतं. गावात असाल तर ‘चिप्स कंपाउंड’ विचारा. खायचे चिप्स नव्हेत, गावातलं छोटं सरकारी आरोग्य केंद्र, त्याच्या सीएचपीएस या नावाचा उच्चारच तसा. आरोग्य सेविका असते, मलेरियाची झटपट टेस्ट होते, गोळ्याही मिळतात. शुद्ध हरपली, उलट्या थांबेनात, लघवी काळपट झाली तर मात्र थेट मोठं हॉस्पिटल गाठा. अँब्युलन्सचा नंबर 112, पण वाट बघण्यापेक्षा मी टॅक्सी करेन. ‘केमिकल शॉप’ची पाटी दिसली म्हणजे फार्मसी समजू नका, तिथे फार्मासिस्ट नसतो.

मलेरियावरच्या आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या तीन दिवस, सहा डोस. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका. उपाशीपोटी नको, स्निग्ध खाण्यासोबत घ्या. शेंगदाण्याचं सूप सगळीकडे मिळतं, झकास लागतं.

पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड परतीलाही हातातल्या बॅगेत ठेवा. ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात, विनवण्या चालत नाहीत. लस निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी. आणि घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ हे ऐकून घेण्याआधी डॉक्टरांना घाना सांगा.