बाबांच्या संगणकातलं स्पायवेअर काढताना

साताऱ्याला बाबांच्या संगणकावर ब्राउझर उघडला की भलतंच सर्चचं पान यायचं. सेटिंग बदललं तरी संगणक बंद करून चालू केला की पुन्हा तेच. याच संगणकावर ते पेन्शनचं खातं बघतात, सोसायटीचे हिशेब ठेवतात. त्यामुळे मला त्या भलत्या पानापेक्षा पासवर्डची धास्ती जास्त होती: स्पायवेअर म्हणजे संगणकात लपून माहिती चोरणारा प्रोग्रॅम.

आधी नेटची वायर काढली. स्कॅनला हात लावण्याआधी माझ्या मोबाइलवरून त्यांच्या ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलला. त्याच संगणकावर बसून नवा पासवर्ड टाकला असता तर तोही गेला असता. गुगल खात्यातून बाकी सगळ्या डिव्हाइसवर साइन आउट केलं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. या जातीचे काही प्रोग्रॅम ब्राउझरमधल्या कुकीजही (साइटने लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला साठवलेल्या छोट्या नोंदी) उचलतात, आणि चालू लॉगिनची कुकी हाती लागली तर पासवर्ड किंवा ओटीपीशिवायही खात्यात शिरता येतं. बँकेचं स्टेटमेंट पाहिलं, पैसे जागेवर होते. गेलेले दिसले असते तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला केला असता.

मग इन्स्टॉल झालेले प्रोग्रॅम तारखेप्रमाणे लावले. एकाच दिवशी आलेली तीन नावं सापडली: एक पीडीएफ कन्व्हर्टर, एक ड्रायव्हर अपडेटर आणि एक मराठी टायपिंगचं म्हणवणारं. बाबांना सोसायटीची नोटीस मराठीत टाइप करायची होती, तेव्हा ते आलं. गुगलने विंडोजसाठीचं ऑफलाइन टायपिंग साधन बंद करून बरीच वर्षं झाली. लोक अजून तेच शोधतात, आणि त्या नावाखाली भलत्याच साइट नको ते गळ्यात मारतात. नोटीस लिहू पाहणाऱ्या माणसाला असं फसवलं जातं याचा मला खरंच संताप येतो.

तिन्ही काढले आणि मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. यात विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू असताना लपणाऱ्या गोष्टीही सापडतात. सापडलं ते काढलं, नेट जोडलं, आणि सर्चचं पान बदलणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) पुन्हा हजर!

खरं काम इथून पुढे होतं. क्रोमच्या मेनूत अगदी तळाशी एक ओळ होती: ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’. बाबा निवृत्त आहेत, संगणक घरचा आहे, मग संस्था कुठली? अशी ओळ घरच्या संगणकावर दिसली तर कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) पॉलिसी, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणारा नियम, घालून ठेवली आहे का, हे बघायलाच हवं. त्या एक्स्टेन्शनला ‘काढा’ हे बटणच नव्हतं, ते त्यामुळेच. रजिस्ट्रीची प्रत बाजूला ठेवून पॉलिसीजमधल्या गुगल क्रोमच्या नोंदी पुसल्या. तरी मन मानेना म्हणून ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा टास्क शेड्युलर उघडला. तिथे अर्थहीन अक्षरांच्या नावाचं एक काम होतं. दर लॉगिनला ते पॉवरशेल (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचं साधन) चालवून ॲपडेटा फोल्डरमधली एक फाइल उघडायचं. सगळं परत येत होतं ते इथून. काम आणि फाइल दोन्ही उडवली, क्रोमचं सिंक (खात्यातून सेटिंग आणि एक्स्टेन्शन परत आणणारी सोय) बंद करून एक्स्टेन्शन काढलं, आणि दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सचं ॲडवक्लीनर फिरवलं. त्यानंतर सर्चचं पान बदललं नाही.

यानंतरही काही परत आलं असतं तर मी फोटो आणि हिशेबाच्या फाइल पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्याने टाकलं असतं. शंका ठेवून बँकेचं काम करू नये.

पुढची काळजी म्हणून बाबांना साधं, ॲडमिन नसलेलं खातं करून दिलं. काही इन्स्टॉल व्हायला निघालं की आता वेगळा पासवर्ड लागतो. विंडोज सिक्युरिटीत नको असलेली ॲप्स अडवण्याचं बटण असतं, ते चालू केलं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाकले. टायपिंगसाठी तर बाहेरून काही आणायची गरजच नव्हती: विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, भाषेच्या सेटिंगमधून जोडला की झालं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मात्र १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली आहे. ती काही कायमची नाहीत, म्हणून नवा संगणक घ्यायचं आम्ही ठरवलं आहे.