अथणीच्या रानात शेनिन ब्लाँ : पहिली तोडणी ठरवताना

आमचं घर थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षावर उभं राहिलेलं. अथणी तालुक्यात बागेचा हिशोब सरळ असतो: मणी फुगवा, गोडी भरू द्या, भाव पडला तर बेदाणा करा. वाईनसाठी शेनिन ब्लाँ ही पांढऱ्या द्राक्षाची जात लावली तेव्हा लागवडीत फारसा फरक नव्हता. डॉगरिज या काटक द्राक्षवेलीच्या खुंटावर कलम, नव्या काड्यांसाठी एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी. मणी मोठा करायचा नसल्यानं जीएत (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लात) घड बुडवणं तेवढं वगळलं. खरा कस लागला तोडणीचा दिवस ठरवताना.

ही जात मूळची फ्रान्समधल्या लुआर नदीकाठची, आंजू भागातली. तिथल्या थंडीत ती उशिरा पिकते आणि काही वर्षी आंबटपणाच डोईजड होतो. पण हीच जात दक्षिण आफ्रिकेच्या उन्हात इतकी रुजली की आज तिथं फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन आहे. हे वाचलं आणि मला धीर आला. आमच्याकडे ऊन तापलं की मण्याला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल झपाट्यानं घटतं. तेव्हा मुळातच भरपूर आम्ल असलेली जात आम्हाला सोयीची.

अडचण पिकण्यात आहे. घड दाट, आणि एकाच घडात एक मणी सोनेरी, शेजारचा हिरवागार. उन्हाकडचे मणी तपासले तर ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेचा, आकडा फसवतो. म्हणून मी ओळीच्या दोन्ही अंगांचे, घडाच्या खांद्याचे, शेंड्याचे, पानाआडचेही मणी एकत्र चुरडायचो. गाळलेल्या रसाचा थेंब साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर, बाकीचा रस वायनरीत आम्ल तपासायला.

मामांचा आयुष्यभराचा अनुभव बेदाण्याचा. ते म्हणायचे, "अजून गोडी भरू दे की रं, घाई कशाला?"

"मामा, थांबलो तर गोडी वाढंल, पण आंबट जाईल. मग वाईन मिळमिळीत."

साखर २१-२२ ब्रिक्सवर आली, आम्ल लिटरला ७ ग्रॅमच्या आसपास होतं, तोडणी लावली. तीही पहाटे, बॅटरीच्या उजेडात, कारण तापलेल्या घडाचा रस लवकर तपकिरी पडतो. दाट घडात एक मणी फुटला की आत कूज शिरते, असे घड क्रेटमध्ये जाऊच दिले नाहीत.

पुढच्या हंगामात घडाजवळची पानं फक्त पूर्वेच्या अंगानं काढणार आहे. सकाळचं ऊन मिळून घड कोरडा राहील, आणि दुपारचं चटकाही देणार नाही.