म्युनिकचे भाषण आणि जर्मनीतील अतिउजवे

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी म्युनिक सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी युक्रेन युद्धाचा विषय ओझरता उरकला आणि आपल्याला खरी चिंता रशिया वा चीनची नसून युरोपच्या आतून उद्भवणाऱ्या धोक्याची वाटते, असे यजमानांना सुनावले. एएफडी या अतिउजव्या पक्षाला सत्तेपासून दूर ठेवण्याचा जो संकेत जर्मनीतील इतर पक्ष पाळत आले आहेत, त्यावरही हा रोख होता. त्याच दिवशी व्हान्स यांनी त्या पक्षाच्या नेत्या आलिस वायडेल यांची भेट घेतली. आदल्याच दिवशी ते नाझींच्या दाखाऊ येथील छळछावणीचे स्मारक पाहून आले होते, म्हणून ही भेट मला अधिकच खटकली.

नऊ दिवसांनी झालेल्या जर्मनीच्या संसदीय निवडणुकीत एएफडीला २०.८ टक्के मते पडली, म्हणजे २०२१च्या दुप्पट. याचे श्रेय वॉशिंग्टनला देणे मात्र पटत नाही. स्थलांतरावरील रोष, मंदावलेली अर्थव्यवस्था आणि पूर्व जर्मनीतील जुनी नाराजी यांवर हा पक्ष आधीच पोसला गेला होता. उलट या निवडणुकीत विजयी झालेल्या मध्यम-उजव्या सीडीयू पक्षाचे नेते फ्रिडरिश मेर्त्झ, जे एरवी पक्के अमेरिकावादी, त्यांनीच निकालाच्या रात्री युरोपने टप्प्याटप्प्याने अमेरिकेपासून स्वतंत्र व्हावे, अशी भूमिका घेतली. तरीही डिसेंबर २०२५मधील अमेरिकी राष्ट्रीय सुरक्षा धोरणात युरोपातील 'देशभक्त' पक्षांच्या वाढत्या प्रभावाचे उघड स्वागत आहे. भाषणातला सूर आता अधिकृत दस्तऐवजात उतरला आहे.